माबेलेच्या मुलखात : बोत्स्वानातल्या चुलींजवळ

गुरुवार, गाबोरोनी

बोत्स्वाना म्हटलं की हत्ती आणि ओकावांगो नदीचा दलदलीचा मुलूख, असंच सहलींच्या पत्रकांत छापलेलं असतं. मी इथे आले ती ज्वारीसाठी. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात वाढलेल्या माणसाला ज्वारी म्हणजे रोजचं जेवण. हे धान्य मूळचं आफ्रिकेतलं. काही हजार वर्षांपूर्वी तिथून आपल्याकडे पोचलं. ज्यांच्या घरी त्याची भाकरी कधी झालीच नाही, ते लोक ज्वारी कशी रांधतात हे त्यांच्या चुलीशी बसून बघायचं, ही माझी जुनी इच्छा. धाकटा भाऊ नोकरीसाठी गाबोरोनीत आहे, त्यामुळे उतरायची सोय झाली. एप्रिलचा शेवट मुद्दाम धरला. इथे तेव्हा पावसाळा सरून सुगीचे दिवस तोंडावर आलेले असतात, रात्री थंडावायला लागतात आणि शेतातलं बरंच काही बाजारात दिसतं.

त्स्वाना लोकांची भाषा सेत्स्वाना. तिच्यात 'ग' घशातल्या 'ख'सारखा म्हणतात, म्हणून पदार्थांची नावं मी कानावर पडली तशीच लिहिते आहे.

गाबोरोनी हे नवं शहर. १९६६ साली देश स्वतंत्र झाला, त्या सुमारास राजधानी म्हणून ते उभं राहिलं. मधोमध 'मेन मॉल' नावाचा पायी फिरायचा लांबच लांब चौक आहे. दुपारी तिथे बायका घडीची टेबलं मांडतात, मोठमोठी भांडी चादरीत गुंडाळून आणतात आणि कचेऱ्यांतली माणसं रांगा लावतात. ताटलीत एक मोठा ढीग, त्याच्या कडेला मांस, हिरवी भाजी, बीट, कोबी. बहुतेक ताटल्यांत ढीग पांढरा होता. तो मक्याच्या पिठाचा, त्याला फालेचे म्हणतात. ज्वारीचा, म्हणजे माबेलेचा तपकिरी बोखोबे, म्हणजे पीठ उकळून केलेला घट्ट गोळा, एकीकडेच मिळाला, आणि तिथली रांग सगळ्यांत म्हाताऱ्या माणसांची होती.

हे बघून मला वाईट वाटलं, कारण हा देश कोरडा आहे. नैऋत्येला वर्षाला अडीचशे मिलिमीटर आणि अगदी उत्तरेला साडेसहाशेच्या आसपास पाऊस. अशा जमिनीत ज्वारी तग धरते, मका धरत नाही. तरी मक्यानं ताट बळकावलं, कारण त्याचं पांढरंशुभ्र पीठ पिशवीत तयार मिळतं आणि दक्षिण आफ्रिकेतून ट्रकच्या ट्रक भरून येतं. आज इथे खाल्लं जाणारं बहुतेक धान्य बाहेरून विकत आणावं लागतं.

बोखोबे हातानं खायचा असतो. घट्ट, किंचित रवाळ, मागून हलकासा आंबूस. सोबतच्या मांसात मीठ सोडून काही नाही. आपल्या जिभेला मसाला शोधायची सवय. इथे तो शोधू नये. या स्वयंपाकातली चव आंबवण्यातून येते, वाळवण्यातून येते आणि विस्तवावर घातलेल्या वेळातून येते. पुढचे सगळे दिवस मी हेच बघत होते.

शुक्रवार, मोचुडी

भावाच्या कचेरीत एक बाई आहेत. बोत्स्वानात बाईमाणसाला आदरानं 'म्मा' म्हणतात, मीही त्यांना म्माच म्हणते. त्यांच्या भाचीचं लग्न उद्या, त्यांच्या माहेरी मोचुडीला. "मोएंग खोरोखा, रे जे का वेना," असं म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. पाहुण्या ये, तुझ्या निमित्तानं आम्हीही जेवू, अशी ही म्हण आहे.

मोचुडी गाबोरोनीहून उत्तरेला चाळीसेक किलोमीटर, बाखात्ला लोकांचं मुख्य गाव. टेकडीवर फुथादिकोबो संग्रहालय आहे. १९२० च्या दशकात इसांग पिलाने बाखात्लांचा राज्यकारभार बघत असताना गावानं श्रमदानातून बांधलेल्या शाळेच्या इमारतीत ते १९७६ साली सुरू झालं. दळायचे दगड, मडकी, दूध ठेवायच्या चामडी पिशव्या असं सगळं तिथे आहे. पण मी तिथे फार रेंगाळले नाही. त्यातल्या निम्म्या वस्तू खाली गावात वापरात होत्या.

फाटकाशी उभं राहून "को को!" अशी हाक द्यायची, मगच आत शिरायचं. मग "दुमेला म्मा, दुमेला रा". काही देताना किंवा घेताना उजवा हात पुढे आणि डाव्या हातानं उजवं कोपर धरलेलं. घरासमोरच्या सारवलेल्या अंगणाला लोल्वापा म्हणतात. तिथे बायकांची चूल, आणि कुंपणाच्या पलीकडे पुरुषांची. लग्नातलं आणि मयतीतलं मांस पुरुषच शिजवतात.

दुपारीच बैल कापला होता, दोन बोकडही. कोणता भाग कोणाचा हे ठरलेलं असतं; डोकं मालोमेचं, म्हणजे मामाचं. लग्नाच्या बोलणीत मालोमेचा शब्द मोठा. नवरदेवाकडून येणारा बोखादी, म्हणजे गाईगुरांचं देणं, याची बोलणी मामालोकच करतात. आमच्याकडे बैल खात नाहीत हे म्मांनी आधीच घरी सांगून ठेवलं होतं. कोणी कारण विचारलं नाही. बोकडाचं एक भांडं माझ्यासाठी म्हणून दाखवण्यात आलं आणि एका काकांनी ते रात्रभर सांभाळायची जबाबदारी घेतली.

बायकांच्या बाजूला खेमेरे चाललं होतं. हे आल्याचं पेय. पाण्यात आल्याची पूड, साखर, टार्टरिक अ‍ॅसिड आणि क्रीम ऑफ टार्टर घालून मोठ्या पिंपात ढवळतात आणि रात्रभर झाकून ठेवतात. सकाळपर्यंत ते जिभेला चुरचुरायला लागतं. त्याशिवाय इथलं लग्न होत नाही.

संध्याकाळी सात-साडेसातला पुरुषांनी तिपायी भांडी विस्तवावर चढवली. ही बिडाची, पोट सुटलेली, तीन पायांची भांडी, थेट लाकडांवर उभी राहतात. लाकूडही निवडून आणलेलं, मोत्स्वेरेचं. ते सावकाश जळतं आणि त्याचा निखारा टिकतो. हाडांसकट मांसाचे हाताएवढे तुकडे, वर येईल इतकं पाणी, मीठ. झाकण. बस. कांदा नाही, तेल नाही. "कांदा घालणारे असतात," काका म्हणाले, "ते शहरात."

शनिवार, मोचुडी

सूर्य उगवायच्या आत नवऱ्याकडची वडीलधारी मंडळी मुलगी मागायला येतात. त्या विधीला पात्लो म्हणतात. बायकांच्या अंगात निळ्या-तपकिरी छापाच्या कापडाचे झगे, त्याला लेतेइसी म्हणतात, आणि खांद्यावर चौकड्यांची मोखाखोल्वाने शाल पिनेनं घट्ट लावलेली. जमिनीवर चटया टाकून एकीकडे बायका, खुर्च्यांवर पुरुष. बोलणं हळू, संथ, एकेक वाक्य तोलून. मी मागे बसून बघितलं आणि मग विस्तवाकडे गेले, कारण सेस्वा कुटायची वेळ झाली होती.

रात्रभर पाणी आटत आटत तळाशी आलं होतं. मांस हाडावरून आपोआप सुटलेलं. काकांनी हाडं एकेक करून काढून टाकली आणि उरलेलं पाणी दुसऱ्या भांड्यात उपसून घेतलं. मग दोघांनी समोरासमोर उभं राहून, मनगटाएवढ्या जाड लाकडी दांड्यांनी ते मांस भांड्यातच कुटायला सुरुवात केली. एकाचा दांडा वर, दुसऱ्याचा खाली. मी समजत होते की याचा लगदा होईल, पण तसं होत नाही. मांस धाग्या-धाग्यानं सुटतं, आणि कुटणाऱ्याला नेमकं कुठे थांबायचं हे दांड्याच्या आवाजावरून कळतं. सुरुवातीचा आवाज ओला असतो, नंतर तो कोरडा होत जातो. काकांनी दोनदा थांबून भांड्याच्या तळातलं वर काढलं, बोटांनी एक धागा उचलून उजेडात धरला आणि पुन्हा कुटलं. शेवटी उपसलेला रस्सा परत ओतला, मंद निखाऱ्यावर चरबी वर येईपर्यंत परतलं. मांस आपल्याच चरबीत खरपूस होत गेलं. हाच सेस्वा, कुठे याला चोत्लो असंही म्हणतात.

बोकडाचा सेस्वा मी त्या भांड्यातूनच, उभ्या उभ्या खाल्ला. इतकी निव्वळ मांसाची चव मी पूर्वी घेतली नव्हती. मीठ, धूर आणि एका रात्रीचा विस्तव, एवढ्यावर हा पदार्थ उभा आहे. चांगला मसाला करायला अक्कल लागते हे मला ठाऊक आहे. मसाल्याशिवाय चव आणायला तितकीच अक्कल लागते, हे या दोन माणसांकडे बघून पटलं.

पोटातले अवयव स्वच्छ धुऊन, बारीक कापून वेगळे शिजवतात, तो सेरोबे. ज्यांना आवडतो ते आधी तिकडेच धावतात.

जेवणाची रांग लांबलचक. आमंत्रण लागत नाही, गाव येतं. वडीलधाऱ्यांना जागेवर ताट नेऊन देतात आणि त्याआधी हात धुवायला तसराळं फिरवतात. ताटात बोखोबे, सेताम्पा म्हणजे भरडलेल्या मक्याचे शिजवलेले दाणे, दिखोबे, कोबी, बीट, मोरोखो म्हणजे पालेभाजी आणि सेस्वा. दिखोबे म्हणजे चवळी किंवा तत्सम कडधान्य आणि ज्वारी-मक्याचे अख्खे दाणे एकत्र शिजवलेले. बहुतेकांनी सेताम्पा घेतला. मी माबेले मागितलं तेव्हा वाढणाऱ्या मुलीनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि दुप्पट वाढलं.

रविवार, मोचुडी

पाहुणे पांगले. आज दिवस न्कुकूचा. न्कुकू म्हणजे आजी, म्मांच्या आई. त्यांना इंग्रजी येत नाही, म्मा मध्ये बसून सांगत होत्या.

टिंगपासून सुरुवात झाली. टिंग म्हणजे आंबवलेलं ज्वारीचं पीठ. न्कुकूंकडे झाकणाच्या बादलीत आधीच्या टिंगचं विरजण राखून ठेवलेलं होतं. जाडसर पिठात कोमट पाणी घालून सरबरीत कालवलं, त्यात विरजण घातलं आणि बादली ऊन लागलेल्या भिंतीशी ठेवून दिली. उन्हाळ्यात एका दिवसात होतं, थंडीत दोन लागतात. परवा घातलेली दुसरी बादली तयार होती. न्कुकूंनी झाकण काढून वास घेतला आणि बादली माझ्याकडे सरकवली. घरच्या आंबिलीचा तोच वास. आमच्याकडे आंबील पातळ करून पितात, इथे त्याच आंबवलेल्या पिठाचं घट्ट अन्न करतात. पातळही करतात, सकाळी, त्याला मोतोखो म्हणतात. तान्ह्यांना आणि आजाऱ्यांना तोच देतात.

उकळत्या पाण्यात टिंग ओतला की लगेच लेफेत्लो हातात घ्यायचा. हे लांब दांड्याचं, खाली तारेचे वेढे असलेलं साधन, रवीसारखं दोन तळव्यांत घुसळायचं. गुठळी होऊ द्यायची नाही. मग घट्ट होत गेलं की लाकडी डाव, आणि त्याला खांद्याचा जोर लागतो. न्कुकूंनी डाव माझ्या हाती दिला तेव्हा भांडं पायानं धरून ठेवावं लागलं. मग झाकण, विस्तव ओढून घेतलेला, आणि अर्धा-पाऊण तास तसंच. ज्वारी कच्ची राहिली तर पोटात दुखतं, म्हणून घाई नाही.

दुसरा पदार्थ लेरोत्से. हे कलिंगडाच्या कुळातलं फळ, वरून फिकट हिरवं, आतून पांढरं, गोडी जवळजवळ नाही, म्हणून कच्चं खात नाहीत. सुगीच्या दिवसांत अंगणात ढीग लागलेले असतात. न्कुकूंनी साल काढलं, बिया वेगळ्या केल्या, गर चिरून भांड्यात टाकला. पाणी जेमतेम तळाला. गर आपल्याच रसात विरघळत गेला. मग त्यात माबेलेचं पीठ, ढवळणं, आणि शेवटी मादिला, म्हणजे घट्ट आंबट दूध. होतो तो बोखोबे ज्वा लेरोत्से. मऊ, आंबटगोड, कोमट. या प्रवासात खाल्लेल्यातलं मला सगळ्यांत आवडलेलं हेच. कालच्या लग्नात हे नव्हतं. घरच्या माणसांसाठी करायचा पदार्थ आहे, आणि शहरातल्या हॉटेलांत क्वचितच मिळतो. त्या बिया टाकल्या नाहीत. चाळणीवर वाळत घातल्या. भाजून, कुटून त्या भाजीत पडतात.

परसात किका आणि मोत्शे होतं, म्हणजे लाकडी उखळ आणि मुसळ. न्कुकू तरुण असताना ज्वारी ओलसर करून यात कांडायची, सुपात पाखडायची, पुन्हा कांडायची आणि मग लेल्वाला नावाच्या पाट्यावर दळायची. एका जेवणाच्या पिठाला सकाळ जायची. लाल ज्वारीच्या कोंड्यात कडवटपणा असतो, तो काढल्याशिवाय चालत नाही. मक्याचं पीठ दुकानात आलं तेव्हा बायकांनी ते का उचललं हे त्या मुसळाचं वजन हातात घेतल्यावर कळतं. त्यांना कोणी दोष देऊ नये. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कान्ये गावातल्या रूरल इंडस्ट्रीज इनोव्हेशन सेंटरनं कॅनडातल्या संशोधकांच्या साथीनं ज्वारीचा कोंडा काढायचं यंत्र बसवलं, गावोगावी छोट्या गिरण्या निघाल्या, म्हणून तर ज्वारी ताटातून पूर्ण गेली नाही. माझ्या मते या देशाच्या स्वयंपाकावर त्या यंत्राइतके उपकार दुसऱ्या कशाचे नाहीत.

सोमवार, रस्ता

म्मांचं सासर सेरोवेला, बांग्वातो लोकांचं गाव. सुगीच्या कामासाठी त्या तिकडे निघाल्या, त्यांच्याच गाडीतून मीही. उत्तरेकडे जाणारा हा हमरस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं. डिबेटेला गुरांच्या रोगाला अडवण्यासाठी घातलेलं कुंपण रस्त्याला आडवं येतं. लाळ्या-खुरकूत एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून इथे गाड्या थांबवून कच्चं मांस आहे का बघतात. बोत्स्वानाचं गोमांस युरोपात जातं, त्यामुळे यात ढिलाई नाही. पुढे मकरवृत्ताची पाटी लागते. महालाप्येला मख्विन्या खाल्ले. हे मैद्याचे आंबवून तळलेले गोळे, बाहेरून कडक आणि आतून पोकळ; गाडीत बसून गरमच खायचे.

सेरोवेला पोचायला तिन्हीसांजा झाल्या.

मंगळवार, सेरोवे

सकाळी टेकडीवरच्या राजघराण्याच्या दफनभूमीकडे नजर टाकून आलो. तिसरा खामा याच्या समाधीवर ब्राँझचं छोटं हरीण आहे, त्यांच्या कुळाचं चिन्ह. या राजानं आपल्या मुलखात दारूवर बंदी घातली होती, घरच्या ज्वारीच्या बिअरवरसुद्धा. ती बिअर, बोजाल्वा, ज्वारी मोड आणून, वाळवून, दळून, शिजवून, आंबवून करतात. बंदी राहिली नाही, बोजाल्वा राहिली.

त्स्वाना कुटुंबाच्या जुन्या पद्धतीनं जागा तीन. गावातलं घर, दूरवरची शेतं म्हणजे मासिमो, आणि त्याहून दूर गुरांचा तळ, मोराका. पेरणी ते सुगी बायका मासिमोवर, मुलगे आणि पुरुष मोराकावर, आणि मग सगळे गावात. स्वयंपाकही या तीन जागांतून आलेला. मासिमोतून ज्वारी, शेंगा, पाला. मोराकातून दूध आणि मांस.

मासिमो बघून मला घरी आल्यासारखं वाटलं. ज्वारीत चवळीचे वेल, मधून लेरोत्से आणि कलिंगडं, बांधाला न्त्शे. न्त्शे म्हणजे गोड धाटाची ज्वारी, उसासारखी सोलून चघळतात. कणसं अजून पुरती वाळली नव्हती. म्मांच्या जाऊबाई दिवसभर पत्र्याचा डबा वाजवत होत्या. क्वेलिया नावाच्या चिमण्यांएवढ्या पाखरांचे थवे येतात आणि हजारोंनी कणसांवर बसतात. मक्याच्या कणसाला पान गुंडाळलेलं असतं, ज्वारीचं उघडं. माणसं ज्वारी सोडतात त्याला हेही एक कारण, आणि डबा वाजवायला आता घरात पोरं नसतात, ती शाळेत असतात.

चवळीचा पाला खुडून आम्ही मोरोखो वा दिनावा केला. कोवळी पानं धुऊन भरपूर वेळ उकळायची, पाणी आटलं की काढून गोण्यांवर पसरायची किंवा चपटे गोळे करून उन्हात ठेवायचे. वाळून काळीभोर होतात. मग वर्षभर हवं तेव्हा भिजवून, थोडं तेल, कांदा, टोमॅटो. चव गडद, किंचित कडसर. ताज्या पाल्याची भाजीही मी खाल्ली, पण वाळवलेल्याची सर तिला नाही. रानात आपोआप उगवणारे थेपे आणि रोत्वेही तोडतात. थेपे माठाच्या जातीचा, आणि रोत्वे म्हणजे आपली पांढरी तिळवण. पावसाळ्यात आपल्याकडे आदिवासी बायका बाजारात आणतात तीच.

जाऊबाईंनी कोठीतून एक डबा काढला आणि त्यात हिरवे मूग निघाले. इथे त्यांना लेत्लोदी म्हणतात, शेतात पिकवतात, आणि नुसत्या मिठावर अख्खे शिजवून खातात. शेजारच्या डब्यात दित्लो, भुईमुगासारखं जमिनीत लागणारं गोल कडधान्य; एका शेंगेत बहुधा एकच दाणा. ते शेंगेसकट उकडून दुपारभर सोलत बसायचं. पिठूळ, चेस्टनटच्या अंगानं जाणारं. मी दोन्ही जेवणांना तेच मागितलं.

दुपारी मोराकावर गेलो. मादिला इथे होतं. पूर्वी लेकुका नावाच्या चामड्याच्या पिशवीत दूध ओतून टांगायचे. दूध फाटून खाली पाणी साठायचं, ते काढून टाकायचं आणि वरून नवं दूध घालायचं. आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचं पिंप आहे, पण रीत तीच. गुराख्यानं तळाचं निवळ पाणी काढून दाखवलं आणि वरचा पांढरा थर मुलाम्याच्या वाडग्यात वाढला. घट्ट, दाणेदार, कडक आंबट. गरम बोखोबेवर थंड मादिला ओतून गुराखी दोन्ही वेळा जेवतात. भाजी लागत नाही. कोरड्या ऋतूत दूध आटतं, तेव्हा आधीचं आंबवलेलं पुरवून पुरवून वापरतात.

बुधवार, सेरुलेच्या पुढे

इथून उत्तरेला मोपानेची झाडं दाटत जातात, फुलपाखराच्या पंखांसारखी जोडपानं असलेली. या पानांवर फाने वाढतात. फाने म्हणजे एका मोठ्या पतंगाच्या अळ्या, बोटाएवढ्या लांब, ठिपकेदार, अंगावर आखूड काटे. हंगाम दोन, डिसेंबरच्या आसपास एक आणि एप्रिलच्या आसपास दुसरा. बोत्स्वानाच्या चलनाला पुला म्हणतात, त्यातल्या पाच पुलाच्या नाण्यावर हीच अळी कोरलेली आहे, यावरून तिचं इथल्या घरातलं स्थान समजावं.

हंगाम संपत आला होता, तरी एका वस्तीत काम चालू होतं. एक बाई डाव्या हातात अळी धरत, उजव्या हाताच्या अंगठ्यानं डोक्याकडून शेपटीकडे दाबत आणि आतला हिरवा चोथा बाहेर टाकत. एका झटक्यात. काट्यांनी बोटं सोलवटतात, म्हणून तिनं अंगठ्याला चिंधी गुंडाळली होती. मग मिठाच्या पाण्यात उकळायच्या आणि राखेजवळच्या साफ जमिनीवर उन्हात पसरायच्या. वाळल्या की काळ्या-करड्या, कडक, महिनोन्‌महिने टिकतात. त्यात निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात. मांस रोज परवडत नाही अशा घरांना याचा आधार, आणि विकून शाळेच्या खर्चाला पैसा.

मी त्या खाल्ल्या, आणि नीट खाल्ल्या. वाळलेली अळी तशीच चावली तर खारट, मातकट, सुक्या मासळीच्या जवळची. कांदा-टोमॅटोत शिजवली की चिवट आणि रसदार, फालेचेबरोबर चांगली लागते. सुकट-बोंबील खाणाऱ्यांनी नाक मुरडायचं कारण नाही.

रस्त्यात मोरेत्ल्वाची सुकी लालसर बोरं विकायला होती. नुसती चघळतात, आणि आंबवून त्यांची खादी नावाची दारू करतात. मी चघळण्यापुरती घेतली.

शुक्रवार, गाबोरोनी

काल पूर्ण दिवस परतीच्या रस्त्यात गेला. आज गिरणीवर जाऊन कोंडा काढलेल्या ज्वारीचं जाडसर पीठ आणलं आणि भावाकडे टिंग घातला. विरजण न्कुकूंनी बाटलीत दिलं होतं. भावाच्या कचेरीतली त्स्वाना मुलं जेवायला येणार आहेत, बोखोबे त्यांच्यासमोर ठेवायचा आहे.

कोणाला या बाजूला यायचं असेल तर सुगीचे दिवस धरा. लेरोत्से साधारण मार्च ते मे. एप्रिलमध्ये आलात तर लेरोत्से आणि ताजे फाने दोन्ही गाठता येतात. जानेवारी ते मार्च मोरुलाची फळं असतात. मांस न खाणाऱ्यांना इथे उपाशी राहावं लागेल असं सांगतात, ते खरं नाही. बोखोबे, मादिला, दिखोबे, दित्लो, लेत्लोदी आणि मोरोखो एवढ्यावर उत्तम चालतं, फक्त भाजीत मांसाचा रस्सा आहे का हे विचारून घ्यावं. शनिवारी गावात मंडप दिसला तर लग्न असेल नाहीतर मयत. ओळखीच्या माणसासोबतच जावं, बायकांनी गुडघ्याखालपर्यंत कपडे आणि डोक्याला रुमाल असावा. आणि ताटली घेताना समोर पांढरा ढीग आला तर थांबून माबेले मागा. मागणारे असतील तोवर त्या बायका ते शिजवत राहतील.